व्याह्यांसाठी उघडलेली साग्रांतिनो

सासऱ्यांची बाटली सकाळीच उघडून ठेवायची, हे रेमोने रविवारी तोंड धुताना ठरवलं. बायकोला, इर्माला, न विचारता ठरवलं. (लग्नानंतर त्याने स्वतःच्या मनाने घेतलेले निर्णय फार नव्हते, आणि जे होते ते सासरवाडीत अजून हसून हसून सांगितले जात.)

बाटली साधीसुधी नव्हती. इर्माच्या वडिलांनी मोंतेफाल्कोच्या उतारावरच्या मळ्यातल्या साग्रांतिनो द्राक्षांची केलेली ती शेवटची वाइन. पुढे ते गेले, मळा विकला, आणि ही एकच बाटली जिन्याखाली आडवी पडून राहिली. आज लेकीचे, लाविनियाचे, होणारे सासरे कोर्रादो आंकोनाहून जेवायला येणार होते. आज नाही उघडायची तर कधी? शिवाय आतली वाइन झाली असेल तरी कशी, या कुतूहलाने रेमोला वर्षानुवर्षं छळलं होतं. हे द्राक्ष इतकं तुरट की नवी वाइन प्यायली तर जीभ टाळूला चिकटते. पण मुरली की... त्या 'की'च्या पुढे काय असतं, तेच त्याला बघायचं होतं.

अशा वाइनला प्यायच्या आधी चांगला वारा लागावा लागतो. म्हणून त्याने ती स्वयंपाकघरातल्या मातीच्या सुरईत ओतली. काळीकुट्ट धार पाहून तोंडाला पाणी सुटलं. पण पहिला घोट रानडुकराच्या रश्श्याबरोबरच, असं स्वतःला बजावून तो पाव आणायला गेला.

परत आला तो सुरई धुऊन पालथी घातलेली.

"इर्मा, यातली वाइन कुठे गेली?"

"डुकरात. कालच सांगितलं नव्हतं का, रश्श्यासाठी बुधल्यातली वाइन काढून ठेव म्हणून? सांगितलेलं काम पहिल्यांदाच केलंस. बरं वाटलं मला."

गॅसवर पातेलं रटरटत होतं. बायकोने एवढ्या वर्षांत एकदा कौतुक केलेलं. ते आपणच कसं खोडायचं? (भीतीही होतीच, पण कौतुकाचं कारण जास्त शोभतं.) रेमो गुपचूप जिन्याखाली गेला, बुधल्यातली रोजची पातळ वाइन सासऱ्यांच्या रिकाम्या बाटलीत भरली आणि बूच ठोकून बसवलं.

कोर्रादो आले ते दोन्ही हातांनी भलंमोठं पातेलं सांभाळत. बंदरावर मासळी विकण्यात जन्म गेलेला माणूस. "विहीणबाई, आम्ही समुद्राकाठचे लोक रिकाम्या हाताने येत नाही. आधी माझी माशांची आमटी, मग तुमचं डुक्कर."

रेमोने सासऱ्यांची बाटली टेबलावर मांडली होती. त्याला राहवलं नाही. "व्याही, माशाबरोबर ही वाइन नको. हिला चरबी लागते. डुक्कर, कोकरू, नाहीतर जुनं चीज. माशाबरोबर गंजका खिळा चाटल्यासारखी लागेल."

"मग तर बघायलाच हवं," कोर्रादो म्हणाले. "खिळा मी अजून चाटलेला नाही."

त्यांनी घोट घेतला. मग मासा. मग पुन्हा घोट.

"खिळा काही सापडत नाही बुवा. पाण्यासारखी उतरतेय."

"मुरलीय ना. काळ्या चेरीचा वास येतो का बघा."

कोर्रादोंनी ग्लासात नाक घातलं. "मला माझ्याच माशाचा येतोय."

"रंग जरा फिका नाही वाटत?" इर्माने विचारलं.

"वय झालं की उतरतो."

"आणि तुरटपणा?"

"तोही उतरतो."

"बाबांचीच ना ही?"

"म्हणजे काय, तुझ्या बाबांचीच," रेमो म्हणाला, आणि त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. लाविनिया कधी आईकडे, कधी बापाकडे बघत होती.

मग डुक्कर आलं. रस्सा शाईसारखा काळा. पहिल्याच घासानंतर कोर्रादो पावाने ताट पुसायला लागले. रेमोनेही भीत भीत घास घेतला. तीच होती. सगळा तुरटपणा चरबीत विरघळला होता आणि मागे जिभेवर काहीतरी दाट, काळं, गोडसर रेंगाळत होतं. वर्षानुवर्षांचं कुतूहल एका घासात फिटलं. त्याने वर पाहिलं. इर्मा डोळे मिटून सावकाश चावत होती, आणि तिच्या पापण्या ओल्या होत्या.

आता मात्र त्याला गप्प बसवेना. "इर्मा, सुरईत बुधल्यातली नव्हती गं. बाबांची होती."

"माहितीय. पहिली उकळी आली तेव्हाच कळलं. बाबांच्या तळघराचा वास घरभर झाला."

"मग बोलली का नाहीस?"

"तू कुठवर जातोस ते बघत होते. चेरीपर्यंत गेलास."

कोर्रादोंनी आपल्या ग्लासाकडे संशयाने पाहिलं. "मग मी प्यायलो ते काय?"

"आमची रोजची आहे, व्याही," इर्मा म्हणाली. "माशाबरोबर तीच बरी."

"पण बाबांची शेवटची बाटली," रेमो पुटपुटला. "माझ्यामुळे वाया गेली."

"वाया कशाने?" इर्माने त्याच्या ताटात रश्श्याचा आणखी एक डाव वाढला. "बाबा म्हणायचेच, आमची द्राक्षं आणि आमचा जावई एकाच जातीचे. नुसते ठेवून मुरत नाहीत. मंद आचेवर चांगले शिजवून काढावे लागतात."