साळूबाईने टाकणं सोडलं

एका जंगलात, बाळांनो, साळूबाई नावाची साळिंदरीण राहत होती. फार देवभोळी. चातुर्मास लागला की प्रत्येकीने काहीतरी सोडायचं, अशी त्या जंगलाची रीत. कुणी वांगं सोडलं, कुणी कांदा. साळूबाईने टाकणं सोडलं.

म्हणजे घरात आलेला प्लॅस्टिकचा डबा टाकायचा नाही. धुवायचा, पुसायचा, वापरायचा. श्रीखंडाच्या डब्यात मोहरी गेली, आइस्क्रीमच्या डब्यात वाती. तुपाच्या बरणीत तुळस लागली. दुधाच्या पिशव्या दोरीवर वाळू लागल्या. पुढे डब्यांत ठेवायला काही उरेना, तेव्हा डब्यांत डबे गेले.

कार्तिक आला तोवर बीळ डब्यांचं झालं होतं. साळूबाई त्यांच्यात अंग चोरून निजायची. आणि अंगाला काटे. चोरणार तरी किती?

तशात तिच्या लेकीचा, रेवतीचा, निरोप आला. पहिलं बाळंतपण, माहेरी येतेय, आठ दिवसांत.

साळूबाई गडबडली. लेक टेकणार कुठे? तिने देवापाशी जागा मागितली. डबे टाकावेत तर नेम मोडतो. पण देव दयाळू. तिला आठवलं, चातुर्मास संपताना सोडलेल्या वस्तूचं दान करतात. आता टाकण्याचं दान कसं करायचं? तिने डब्यांचं केलं. बोरांचे लाडू वळले, डबे भरले आणि जंगलभर वाटून आली. बीळ कसं लख्ख झालं.

एकच गोष्ट ती विसरली. शेजारणीचा डबा रिकामा परत करू नये, हे त्या जंगलात पाळण्यातली पोरंसुद्धा जाणत.

तिसऱ्या दिवसापासून डबे परत येऊ लागले. कुणी कंद घातले, कुणी करंज्या. शिवाय लेकीसाठी डिंकाचे लाडू, ते आपापल्या घरच्या डब्यांतून. "हा डबा काही परत नको हं, साळूबाई," असं म्हणत एकेकीने घर मोकळं करून घेतलं.

रेवती आली आणि दारातच थांबली. अवघडल्या अंगाने आत शिरायला वाटच नव्हती.

"आई, मी बाळंत कुठे होऊ? झाकणावर?"

साळूबाईचे डोळे भरून आले.

तेव्हा शेजारची कोल्हीणवहिनी पुढे झाली. तिच्याकडे आता एकही डबा उरला नव्हता. गुहा ऐसपैस झाली होती. तिने रेवतीला हात धरून आपल्याकडे नेलं, आणि चौथ्या दिवशी साळूबाईला तिथे गोंडस नात झाली.

साळूबाईने हात जोडले. "जागा मागितली होती, देवा. दिलीस. कुणाच्या घरात, ते माझंच सांगायचं राहिलं."

तात्पर्य : घर नीटनेटकं हवं असेल, तर व्रत आपण धरू नये, शेजारणीला धरायला लावावं.