वाफेवरचे दोन बिल्ले

वाफेचे शास्त्र ज्याला कळले त्याला शिजवता येणार नाही असा पदार्थ पृथ्वीवर नाही, हे मारोतरावांचे ठाम मत होते. तंत्रनिकेतनात एकतीस वर्षे बॉयलर शिकवलेल्या माणसाचे मत ते. पत्नी सत्यवतीबाई सोडल्या तर घरात त्याला कोणी हरकत घेत नसे. कोळशाच्या धुराने मारोतरावांचे नाक तेवढे त्यांच्याआधीच निवृत्त झाले होते.

मुलगी भैरवी नागपूरच्या मिहानमधल्या ज्या कंपनीत होती, तिथली तिची वरिष्ठ डोरोथीबाई इंग्लंडची. रविवारी ती जेवायला येणार, हे कळताच मारोतरावांनी जाहीर केले, "तिच्या देशाची वाफवलेली पुडिंगं करतो. एक मटणाचं, एक गोड."

"मी तुरीच्या डाळीचे फुणके करते," सत्यवतीबाई म्हणाल्या. "तेही वाफेवरचेच होत. कढीसंग आवडतीन तिले."

"फुणक्यात इंजिनियरिंग काय आहे?"

"मंग एक ठरलं. पाव्हणीनं ताट सफा केलं त सैपाकघर तुमचं. नाही त पुन्हा आत पाय ठेवायचा नाही. मागच्या वांग्याच्या भरतानं माह्या ओट्याचा कोयसा केला तुमी."

निवृत्तीनंतर स्वयंपाकघर हीच मारोतरावांची उरलेली प्रयोगशाळा होती. ती जाणे म्हणजे दुसऱ्यांदा निवृत्त होणे.

रविवारी दोन सारख्या वाडग्यांना चरबी घालून मळलेल्या मैद्याचे अस्तर लागले. एकात मटण आणि गुर्दे, दुसऱ्यात खजूर आणि गूळ. दोन्हींवर सारखेच पांढरे फडके, सारखाच सुतळीचा वेढा. दुमजली मोदकपात्रात मटण वर, गोड खाली. मग त्यांनी पितळी पत्र्याचे बिल्ले कापले: १, २ आणि एक राखीव ३. पहिला वरच्या मजल्याच्या कडीला, दुसरा खालच्या, तारेने पीळ देऊन.

"बिल्ला फडक्याले बांधा ना."

"अवं, बॉयलरघरात बिल्ला जागेले लावतात, वस्तूले नाही. वस्तू बदलते, जागा बदलत नाही."

साडेतीन तासांची वाफ. पाण्याच्या पातळीची नोंद दर पंधरा मिनिटांनी. दोन नोंदींच्या मधे मारोतराव आंघोळीला गेले आणि सत्यवतीबाईंनी झाकण उघडले. मटणाचा रस टपटप गोडावर गळत होता. त्यांच्या माहेरी, पारशिवनीला, असे झाले तर अख्खे घर गोडाला शिवत नसे. त्यांनी मुकाट्याने गोड वर ठेवले, मटण खाली. बिल्ले मात्र जागेवरच राहिले. जागेचेच होते ते.

डोरोथीबाई आली, बसली. मारोतरावांनी बिल्ला पाहून वरचे वाडगे ताटात उपडे केले आणि त्यावर झणझणीत सावजी रस्सा ओतला. खालच्यावर कस्टर्ड.

बाईने घास घेतला. थांबली. डोळे पाण्याने भरले.

"पाहा," मारोतराव कुजबुजले, "मायदेश आठवला."

"बाबा, ठसका लागून राहिला तिले," भैरवी म्हणाली.

तरीही बाईने सभ्यपणाने दुसरा घास घेतला आणि तोंडातून अलगद एक बी काढून ताटाच्या कडेला ठेवली.

"मटणात बी काहून?" भैरवीने विचारले.

मारोतरावांच्या नोंदीनुसार सर्व बिया काढलेल्या होत्या. शिवाय मटणाला बी नसते. त्यांनी दुसऱ्या पुडिंगात सुरी घातली, तेव्हा कस्टर्डातून एक गुर्दा सावकाश वर आला.

"जागा बदलली तू?"

"मटण गोडावर टपकून राहिलं होतं. ओतताना वास त येते ना माणसाले?"

भैरवीने सारा प्रकार इंग्रजीत सांगितला. बाई पोट धरून हसली आणि काहीतरी बोलली.

"ती म्हणते, तिच्या घरी पुडिंग दुकानातून आणतात, बाबा. मायक्रोवेव्हमध्ये तीन मिनिटं."

मारोतरावांनी मनातल्या मनात साडेतीन तासांना तीन मिनिटांनी भागले. सत्तर आले. सत्यवतीबाईंनी दुसरे ताट वाढले. बाईने नऊ फुणके खाल्ले आणि उरलेली कढी वाटीला तोंड लावून प्याली.

"ताट त सफा केलं तिनं," मारोतरावांनी कराराच्या शब्दावर बोट ठेवले.

संध्याकाळी ते चहासाठी व्हरांड्यात आले, तर त्यांच्या खुर्चीच्या हाताला राखीव बिल्ला बांधलेला. ३.

"जागेलेच लावला," आतून आवाज आला. "आता वस्तू तिथून हलायची नाही."

मारोतराव जागेवर बसले. तारेचा पीळ मात्र पक्का होता, हे त्यांनाही मान्य करावे लागले.