उपाशी गट

'पोटभर' असं लिहिलेल्या डब्यात रेशमाच्या चोवीस अळ्या, 'उपाशी' असं लिहिलेल्या डब्यात चोवीस, आणि समोर दिवाणावर डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलेले बाबा. म्हणजे चैतालीच्या कोथरूडच्या घरात अर्धपोटी ठेवलेले एकूण पंचवीस जीव होते.

कॉलेजात झुरळांसाठी फवारणी निघाली, म्हणून अळ्या आठवडाभर घरी आल्या होत्या. सोमवारी चैतालीचा सेमिनार होता. तो फसला तर पीएचडी सहा महिने लांबणार होती.

"पोटभरवाल्यांना चार वेळा तुतीचा पाला. उपाशींना फक्त सकाळी एकदा," तिने बजावलं. "सकाळचं मी बघते. पोटभरवाल्यांचं दुपारचं आई, संध्याकाळचं बाबा, रात्रीचं आमोद."

"पण त्या बिचाऱ्यांना उपाशी का?" आईने विचारलं.

"रेशीमग्रंथीतली पेशी एकीच्या दोन होत नाही. आतल्या आत तिचा डीएनए दुप्पट, परत दुप्पट होत जातो. खायला नसलं की ते थांबतं का, ते मोजायचंय."

"मोजणार कसं?"

"ग्रंथी कापून काढायची."

"म्हणजे मारायचं, आणि तेही उपाशी," म्हणत आई कुकर लावायला गेली.

आठवडा संपेपर्यंत उपाशी अळ्या चांगल्याच गुबगुबीत दिसू लागल्या. पण मोजल्याशिवाय बोलायचं नाही, ही चैतालीची शिस्त. शनिवारी प्रयोगशाळेत तिने ग्रंथी काढल्या, रंगवल्या, सूक्ष्मदर्शकाखाली एकेका केंद्रकातला डीएनए मोजला. उपाशी गटात पोटभर गटाच्या चौपट. पुन्हा मोजला. चौपटच.

"उपाशी चौपट?" तिचे मार्गदर्शक दत्तप्रसाद सर फोनवर म्हणाले. "मग पाला आणतेस कशाला? त्यांना नुसता फोटो दाखवत जा."

घरी येऊन तिने पर्स न ठेवताच विचारलं, "आई, दुपारचा पाला कोणाला घातलास?"

"अगं, दुपारचाच फक्त. पोटभरवाल्यांना बाकी तीनदा मिळतो की."

"बाबा?"

"मी संध्याकाळचाच," बाबा म्हणाले. "उपाशी माणसाचं दुःख तुम्हाला नाही कळायचं."

धाकट्या आमोदने कानातला इअरफोन काढला. "रात्रीचा मीपण त्यांनाच. चिल ना, ताई. एकाच वेळेचं तर होतं."

चैतालीने बोटांवर मोजलं. पोटभरांना एकदा, उपाशींना चारदा. प्रयोग चोख झाला होता, फक्त डब्यांची अदलाबदल झाली होती. तिला हसू आवरेना. सरांना कळवल्यावर उत्तर आलं, "घडलं तसंच मांड. कोणी कोणाला भरवलं त्यासकट."

मग तिची नजर दिवाणाकडे गेली. "आणि बाबांना कोण काय देतं?"

आई ओटा पुसू लागली. "दुपारी वाटीभर शिरा. तेवढाच हो."

"रात्री मी एक पॅटिस आणतो," आमोद म्हणाला. "एकच."

चैतालीने वजनकाटा हॉलच्या मधोमध ठेवला. "उभे राहा, बाबा."

"माझीही ग्रंथी काढणार आहेस का?" म्हणत बाबा चढले.

डाएटचा पहिला दिवस: एक्याऐंशी किलो दोनशे ग्रॅम. आज: त्र्याऐंशी किलो सहाशे ग्रॅम.