हरकत असल्यास लेखी कळवावे

घर विकायचं ठरलं ते काकूंच्या गुडघ्यांपायी. तिसरा मजला, एकसष्ट पायऱ्या आणि मधे तीनदा बसून काढलेला दम. पोस्टमनकाकांनी तळमजल्यावरचं एक घर हेरलं, त्याचा मालक महिनाअखेरपर्यंत थांबायला राजी झाला. स्वतःच्या घराला एक शिक्षिका गिऱ्हाईक म्हणून मिळाली. आता दोन सह्या ठोकल्या की झालं, असं काकांना वाटलं.

शिक्षिकेच्या वकीलबाईंनी त्यांना समोर बसवून सगळा क्रम समजावला. आधी जुन्या कागदांचा शोध. मग वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, की या घरावर कुणाचा हक्क वा हिस्सा असल्यास चौदा दिवसांत लेखी कळवावं. कुणी काही कळवलं नाही, की करार आणि नोंदणी.

"पण लोकांनी ती नोटीस वाचलीच नाही तर?" काकांनी विचारलं.

"तर उत्तमच," वकीलबाई म्हणाल्या.

काकांना हे उत्तर मुळीच रुचलं नाही. छत्तीस वर्षं त्यांनी टपाल वाटलं होतं. कुत्रं अंगावर आलं तरी पत्र फाटकातून आत भिरकावायचं नाही, ज्याचं त्याच्या हातात द्यायचं, असा त्यांचा खाक्या. नोटीस काढायची आणि ती कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून देव पाण्यात घालून बसायचं, हे त्यांच्या लेखी टपाल विहिरीत टाकण्यासारखंच होतं. त्यांनी नोटिशीच्या चाळीस प्रती काढल्या, माळ्यावरची जुनी पिशवी खांद्याला लावली आणि शेजारीपाजारी, सोयरेधायरे सगळ्यांना वाटून आले. प्रत्येकाची पोच म्हणून सही घेतली. वर, काही असेल तर मोकळ्या मनानं लिहा, असंही बजावून आले.

लोकांनी मोकळ्या मनानं लिहिलं.

खालच्या शिंप्यानं काकांच्या गॅलरीतल्या उन्हात कापड वाळवण्याचा वीस वर्षांचा हक्क सांगितला. मेहुण्यानं कळवलं की नोकरी शोधताना तो त्या स्वयंपाकघरात आठ महिने झोपला होता, सबब तिथे त्याचा भावनिक हिस्सा आहे. थोरल्या बहिणीचं म्हणणं, भिंतीतलं कपाट तिच्या पसंतीचं, ते परक्याला जाऊ नये. समोरच्या दारचे निवृत्त कोर्ट-कारकून सगळ्यांवर कडी करून गेले. रोज संध्याकाळी काकांच्या बैठकीत बुद्धिबळ खेळत असल्यानं तिथे आपली वहिवाट आहे, असं त्यांनी कलमं घालून लिहिलं. वहिवाट हा शब्द वाचून शिक्षिकेच्या बँकेचे कान टवकारले. सगळ्या हरकती लेखी मागे घेतल्याशिवाय कर्ज मिळणार नाही, असा निरोप आला.

"काका, अख्ख्या कारकिर्दीत मला दोन हरकती आल्या होत्या," वकीलबाई डोकं धरून म्हणाल्या. "तुमच्या एका घराला सोळा आल्यात."

"पोच घेऊन वाटल्या ना," काका म्हणाले. ओशाळले होते, पण आवाजात थोडा अभिमानही होता.

पुन्हा पिशवी, पुन्हा दारोदार. आणि तेव्हा काकांना कळलं, की कुणालाच घरातलं काही नको होतं. त्यांना ही दोघं जायला नको होती. शिंप्यानं सही करायच्या आधी दोनदा चहा पाजला. बहीण रडली, मग कपाटाचं तिचं तीच विसरली. कारकुनांनी तीन डाव जिंकल्यावरच वहिवाट सोडली आणि तळमजला चालत दहा मिनिटांवर आहे याची खात्री करून घेतली. चौदाव्या दिवशी दुपारी सोळाच्या सोळा सह्या हातात होत्या.

त्या घेऊन ते वकीलबाईंकडे गेले, तर त्यांनी एक पाकीट पुढे सरकवलं. नुकतंच रजिस्टर पोस्टानं आलेलं. अक्षर काकांनी लांबूनच ओळखलं. रोजची सामानाची यादी त्याच अक्षरात असायची.

'सदर घरात माझा निम्मा हिस्सा आहे. नोटीस चाळीस जणांना मिळाली, मला मिळाली नाही. घर विकायचं का, असंही मला कुणी विचारलेलं नाही. सबब माझी हरकत आहे.'

काका घरी निघाले. जिच्या गुडघ्यांसाठी हा सगळा खटाटोप, तिलाच आपण सोडून गावभर हिंडलो. एकसष्ट पायऱ्या चढेपर्यंत त्यांना स्वतःची चांगलीच लाज वाटली. किल्ली खिशात होती, तरी त्यांनी बेल वाजवली.

काकूंनी दार उघडलं. काकांनी नोटिशीची एक प्रत पुढे केली. काकूंनी चौकटीला टेकून ती सावकाश, शेवटच्या ओळीपर्यंत वाचली.

"विचारा मग," त्या म्हणाल्या.

"घर विकूया का गं आपण?"

"विकूया की. गुडघे माझेच आहेत, मला नको का तळमजला? पण विचारायला काय जात होतं तुमचं?"

त्यांनी हरकत मागे घेतल्याची सही केली. काकांनी सुटकेचा निःश्वास टाकून हात पुढे केला, पण काकूंनी कागद सोडला नाही.

"नव्या घराच्या कागदावर पहिलं नाव कुणाचं?"

"माझं. मग तुझं. तशीच पद्धत असते."

"माझं आधी घाला, तुमचं खाली. घराचा पत्रव्यवहार पहिल्या नावावर येतो ना? म्हणजे यापुढे आपल्या घरात काय चाललंय, ते मला निदान टपालानं तरी कळेल."

काकांची यावर हरकत होती. ती त्यांनी तोंडीही कळवली नाही आणि लेखीही नाही.