अमडापूरचं छत कोणी पळवलं?

माझं नाव नीळकंठ. आडनाव सांगत नाही. गुप्तहेराचं आडनाव गुप्त असावं, हे मी चिखलीत भेटेल त्याला सांगून ठेवलं आहे. पोटापाण्यासाठी मी शाळेत भूगोल शिकवतो, पण ते माझं सोंग आहे. आतून मी गुन्ह्यांचा अभ्यासक आहे. कपाळ रुंद, नाक धारदार आणि नजर इतकी तीक्ष्ण की चष्मा लावल्याशिवाय मी ती वापरतच नाही. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दोन-तीन वर्षंच झाली होती. नव्या राज्यात दर जिल्ह्याला निदान एक खाजगी गुप्तहेर असावा, असं माझं मत होतं. बुलडाणा जिल्ह्यापुरता तो प्रश्न मी स्वतःच सोडवला होता, सरकारला फक्त कळवायचं राहिलं होतं.

माझ्या बुद्धीबद्दल माझ्या बायकोचं, म्हणजे प्रेमलाचं, वेगळं मत आहे. ते छापण्यासारखं नाही.

तर त्या वर्षी वैशाखात अमडापूरला माझ्या भाचीचं, चारुलताचं, लग्न निघालं. मी मुलीचा सख्खा मामा. तिचा बाप रंगराव, माझे भावजी, भाजीपाल्याचे बागाईतदार. माणूस सरळ, पण साखरपुड्यात त्यांची गाठ पडली नांदुऱ्याच्या इंद्रभानशी. इंद्रभान म्हणजे मुलाचा बाप, सरकीचा व्यापारी. पानाला चुना लावता लावता ते म्हणाले होते, "मांडव पाह्यण्यासारखा पाह्यजे बरं, रंगराव! नांदुऱ्याची मान्सं येऊन राह्यली."

"रेशमाचं छत लावतो, रेशमाचं!" असं भावजी बोलून बसले. बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण मीच त्यांना मागून कोपरानं ढोसलं होतं.

माझी मोठी बहीण सरस्वती, म्हणजे आमची आक्का, त्या रात्री जेवली नाही. मला म्हणाली, "निळू, छतात कमी-जास्त झालं तं तुमा दोघाइचं काई जानार नाई. माझ्या चारूले सासरी जलमभर ऐकनं येईल. 'तुह्या बापाच्या मांडवाले छतबी नोतं,' असं."

"आक्का," मी म्हणालो, "हे प्रकरण माझ्याकडे आहे."

"तेच तं भ्याव वाटते," आक्का म्हणाली.

आमच्याकडे उन्हाळ्यातला मांडव म्हणजे बल्ल्या रोवायच्या, वर बांबू आडवे टाकायचे आणि त्यावर पळसाचे, जांभळीचे डहाळे अंथरायचे. सावली दाट पडते, पण वैशाखाच्या उन्हात पाला दुपारपर्यंत कुरकुरीत होतो आणि लोकांच्या डोक्यात, वरणात, कुठेही पडतो. म्हणून खालून कापडाचं छत. एवढं रेशीम विकत आणायचं तर भावजींना मळा विकावा लागला असता. मी तोड काढली. गावातल्या दर घरातून ठेवणीतलं एकेक लुगडं आणायचं आणि सुतळीच्या गाठींनी शेजारी शेजारी बांधायचं. मी आणि प्रेमला घरोघर फिरलो. एकही घर मी सोडलं नाही. प्रत्येक दारात मी हात जोडून म्हणालो, "लुगडं द्या आणि सगळे जण लग्नाला या." याला नियोजन म्हणतात.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी छत तयार झालं. इरकली, नागपुरी, महेश्वरी, कुणाच्या लग्नातला शालू. मधोमध, बोहल्याच्या बरोबर वर, आक्काचं स्वतःचं जांभळं पैठणी लुगडं. खाली कर्दळी, केळीचे खांब, आंब्याची तोरणं, रंगीत कागदाच्या पताका. शिडी धरून गाठी बांधणारे उत्तमराव, भावजींचे शेजारी, खाली उतरून वर पाहत म्हणाले, "मास्तर, आभाय झाकून टाकलं बाप्पा तुमी." मी तिथल्या तिथे त्यांना सहायक गुप्तहेर नेमलं. त्यांनी हरकत घेतली नाही, कारण त्यांना ऐकू कमी येतं.

दुसऱ्या दिवशी लग्न गोरज मुहूर्तावर होतं. सकाळी मांडवात शिरलो आणि सवयीनं वर पाहिलं. छताच्या कडेला एक चौकोनी भोक. त्यातून वाळका पळस माझ्याकडे पाहत होता. जागा माझ्या ओळखीची होती. तिथे माझ्याच बायकोचं आमसुली लुगडं होतं!

चोरानं पहिला घाला गुप्तहेराच्या घरावर घातला होता. हे आव्हान होतं.

"अहो, ऐका तं," प्रेमला मागून म्हणाली.

"आता नाही," मी वरची नजर न हलवता म्हणालो. "साक्षी नंतर घेईन."

"साक्ष नाई वो, मी काय म्हनते..."

"प्रेमला, घटनास्थळावर पाय वाजवू नको."

इथे माझी एक शिस्त सांगितली पाहिजे. परस्त्री पुढे आली की मी नजर वर करतो किंवा खाली करतो, मध्ये आणत नाही. बाईमाणसाच्या नेसण्याकडे पाहणं चिखलीच्या मास्तराला शोभत नाही. ही शिस्त मी घरातही पाळतो, त्यामुळे बायकोशी भांडणं कमी होतात.

पहिला सिद्धांत वानरांचा. ज्ञानगंगेच्या जंगलातून वानरं गावात येतात, हे भूगोलात बसतं. मी केळीच्या खांबाला एक पिकलं केळं बांधलं आणि पाण्याच्या रांजणामागे दबा धरला. केळं भटजींनी खाल्लं. भटजींवर मी संशय घेतला नाही, कारण त्यांच्याकडे फक्त पिशवी होती आणि ती तांदळांनी भरलेली होती. मी हात घालून पाहिलं.

तोवर वर आणखी भोकं पडली होती. रुक्मिणीबाईंचं हिरवं इरकली गेलं. तानाबाईंचं नारिंगी नागपुरी गेलं. मी लगेच दोघींना साक्षीला बोलावलं आणि नजर त्यांच्या पायांशी ठेवली.

"तुमचं लुगडं शेवटचं कधी पाहिलं?" मी रुक्मिणीबाईंना विचारलं.

समोर दोन पाय, चांदीची जोडवी आणि त्यावर हिरवा इरकली काठ होता. काठ छान होता. मी नजर वळवली.

"कधी म्हन्जे?" रुक्मिणीबाई म्हणाल्या. "आत्ताच तं पाह्यलं."

"वर होतं तेव्हा?"

"वर व्हतं तवाबी पाह्यलं, आन् खालीबी पाहून राह्यली."

"घाबरून विसंगत बोलत आहेत," मी उत्तमरावांना म्हणालो. ते शिडी खांद्यावर घेऊन घाईघाईनं कुठेतरी निघाले होते. त्यांच्यामागे चार-पाच बायकांचे पाय चालले होते. सहायक संशयापलीकडचा असतो, त्यामुळे मी त्यांना थांबवलं नाही. मी शिडीवाल्या चोराच्या शोधात होतो.

दुसरा सिद्धांत वावटळीचा. दुपारी उन्हात एक भोवरी पूर्वेकडून उठली आणि धूळ, पत्रावळी, एक टोपी घेऊन मळ्याकडे गेली. मी तिच्यामागे पळालो. वांग्याच्या वाफ्यात ती विरली. टोपी माझीच निघाली.

परत येऊन पाहतो तो अर्धं छत गायब! पाला आता मोकळेपणानं गळत होता. भावजी बोहल्याशी डोक्याला हात लावून बसले होते. त्यांचा चेहरा पाहून मला पहिल्यांदाच खरी भीती वाटली.

"मास्तर," ते म्हणाले, "वऱ्हाडाची गाडी खामगावहून निघाली म्हने. काय दाखवू त्याइले? पळसाचा पाला?"

मग तिसरा सिद्धांत आपोआपच सुचला. त्याच दिवशी पिंपळगाव राजालाही एक मोठं लग्न होतं. त्यांना छत हवं असणार! आणि आमचे बँडवाले शंकरराव सकाळी पिंपळगावची वाजंत्री आटोपून इकडे आले होते. सोबत एक भलं मोठं बोचकं आणि एक त्याहून मोठा ढोल. मी बोचकं सोडलं. आत बँडचे लाल कोट निघाले. मग मी ढोलाला कान लावला.

"यात कापड आहे," मी जाहीर केलं. "आवाज दबका येतो."

"तुमी कान लावला म्हून दबका येते!" शंकरराव भडकले. "आमी मान्सं वाजोयाले आलो का चोऱ्या कराले? उचला रे सामान! जिथं ढोलावर संशय घेतेत तिथं आमी फुंकतबी नाई."

आता छतही नाही आणि वाजंत्रीही नाही. आक्का घरातून धावत आली. तिनं शंकररावांपुढे हात जोडले. "भाऊ, माह्या भावाकडं नका पाहू. माह्या पोरीकडं पाहा." शंकरराव थांबले, पण फक्त आक्काच्या शब्दावर. मी मान खाली घातली होती. समोर आक्काचे पाय होते आणि त्यावर विटलेला सुती काठ, एका जागी फाटून दोऱ्यानं शिवलेला. मी शिस्तीप्रमाणे नजर वळवली.

उन्हं कलली आणि वऱ्हाडाची गाडी आली. गुलाल, धूळ, ओरडा. शंकररावांनी फुगल्या तोंडानं का होईना पण सुरुवात केली. इंद्रभान फेटा सावरत मांडवात शिरले आणि त्यांनी पहिली मान वर केली. सगळं वऱ्हाड वर पाहू लागलं.

वर पाला होता. आणि बोहल्यावर एकटं जांभळं पैठणी लुगडं लोंबत होतं.

"रंगराव," इंद्रभान म्हणाले, "रेशमाचं छत म्हन्ता म्हन्ता रेशमाचं ठिगळ लावलं का?"

वऱ्हाडातले चार जण हसले. भावजींनी माझ्याकडे पाहिलं. आता मीच. मी बोहल्यावर चढलो.

"मंडळी! या मांडवाचं छत चोरीला गेलं आहे. चोर एक नाही, टोळी आहे. आणि मी छातीठोकपणे सांगतो, ती टोळी या क्षणी याच मांडवात उभी आहे!"

बायकांच्या बाजूला खसखस पिकली. मी नेहमीप्रमाणे वर पाहिलं.

तेवढ्यात मुलाची आई पुढे आली. सोजराबाई, धिप्पाड बाई, आवाज इंद्रभानपेक्षा दोन पट. ओवाळायला उभ्या असलेल्या बायकांच्या रांगेकडे तिनं एकदा पाहिलं, मग वरच्या लोंबत्या सुतळ्यांकडे पाहिलं, आणि कमरेवर हात ठेवून हसायलाच लागली.

"अवो, छत कुठं गेलं?" ती म्हणाली. "हे काय, उभं हाय! गावातल्या समद्या बायाइचं ठेवनीतलं लुगडं वर बांधलं तं त्या लग्नात काय नेसतीन? गोनपाट?"

मांडवात असा हशा उठला की वरचा पालाही भुरभुर गळाला.

"मास्तरीनबाईनं सकायी आपलं काढून मांगतलं," रुक्मिणीबाई पदराआडून म्हणाल्या. "मंग आमाले धीर आला. उत्तमरावभाऊनं एकेक सोडून देल्लं."

"प्रेमला!" मी म्हणालो.

"सकाळपासून तेच तं सांगून राह्यली," ती म्हणाली. "माझं आमसुली अंगावर हाय आन् तुमी त्यासाठी वानराले केळं बांधून राह्यले."

सोजराबाईंचं हसू मात्र थांबलं होतं. त्या रांगेच्या टोकाशी गेल्या. तिथे आरतीचं ताट धरून माझी बहीण उभी होती. विटलेलं सुती लुगडं, तेच.

"विहीनबाई तुमीच ना?"

आक्कानं मान हलवली.

"मंग तुमचं कोनतं?"

आक्कानं ताटातली वात सारखी केली. सोजराबाईंनी वर बोहल्याकडे पाहिलं.

"तेच अशीन. समद्याइनं आपापलं नेलं, तुमीच ठेवलं. काऊन?"

"मी काढलं तं मांडवाले काय राह्यते?" आक्का हळूच म्हणाली. "माह्या पोरीले तुमी बोल लावसान."

सोजराबाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं की इंद्रभान फेटा सैल करू लागले. "बोल तं मी लावनारच," त्या मोठ्यांदा म्हणाल्या. "सासू हाय मी. जलमभर सांगीन, तुह्या मांडवाले छत नोतं म्हून. आन् लगेच हेबी सांगीन का तुह्या मायनं लोकाइच्या बायाइले नटू देल्लं आन् आपुन मांडवासाठी फाटकं नेसून उभी राह्यली. हे आयकून घे पोरी! ए मामा! तुमीच ना ते हुशार? चढा शिडीवर."

उत्तमरावांनी शिडी लावली. मी चढलो. खाली न पाहण्याची शिस्त शिडीवर पाळता येत नाही, पडायला होतं. म्हणून मी खाली पाहिलं. माझं छत जसंच्या तसं खाली होतं. हिरवं, नारिंगी, आमसुली, सगळं चालत-बोलत होतं, ओवाळत होतं, एकमेकींचे काठ ओढून पाहत होतं. दिवसभर मी ते वर शोधलं होतं. आणि ज्या एका बाईसाठी सगळा खटाटोप केला तिच्या अंगावर काय आहे, हे मी तिच्या सख्ख्या भावानं पाहिलं नव्हतं. मला लाज वाटली. लाज वाटली हे मी तपासात सहसा कबूल करत नाही.

गाठी सोडल्या आणि लुगडं खाली सोजराबाईंच्या हातात सोडलं. त्या स्वतः आक्काला घरात घेऊन गेल्या आणि भटजींना बजावून गेल्या, "मुहूर्त जाऊ द्या थोडा पुढं, नाई तं तुमचं जेवनबी पुढं जाईन."

लग्न उघड्या पळसाखाली लागलं. मंगलाष्टकांत अक्षतांबरोबर वाळका पाला पडत होता. इंद्रभानांच्या फेट्यात एक अख्खी डहाळी अडकली होती आणि ती काढायची कुणाची हिंमत होत नव्हती.

पंगतीला आरोपींनीच वाढलं. तानाबाईंनी भात, रुक्मिणीबाईंनी कढी, आणि मुख्य आरोपीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, मागितलं नसताना दोनदा बुंदी. मी ती लाच समजून खाल्ली.

शेवटी आक्का वरण घेऊन माझ्या पानाशी आली. वाढून झालं तरी पुढे गेली नाही. हलक्या आवाजात म्हणाली, "निळू, कसं दिसते रे?"

मी मान वर केली नाही, खाली केली नाही. पदरापासून काठापर्यंत नीट, चष्मा पुसून पाहिलं.

"आक्का," मी म्हणालो, "वर होतं त्याच्यापेक्षा लय चांगलं."