जावईबापूंचा डावा डोळा

मनुष्याचे केस वर आणि डोळे त्यांच्या खाली, ही निसर्गाची ढोबळ चूक आहे. डोक्याला लावलेली कोणतीही गोष्ट उताराने डोळ्यात येते आणि मग मनुष्य दुकानदाराशी भांडतो. ही चूक निस्तरण्याचे काम आमच्या शाम्पूच्या कारखान्याने सशावर सोपवले आहे.

सशाची निवड सर्वानुमते झाली. (ससे सभेला नव्हते.) त्याचे डोळे मोठे, अश्रू बेताचे आणि स्वभाव असा, की तो वर्तमानपत्राला पत्र लिहीत नाही. त्याला एका पेटीत बसवतात. मान बाहेर, पाय आत, म्हणजे पंजाने डोळा चोळून निकाल बिघडवण्याचा मोह त्याला होत नाही. एका डोळ्यात शाम्पू घालतात आणि दुसरा तुलनेसाठी राखून ठेवतात. बाकी त्याला काहीच करायचे नसते. इतकी आरामाची नोकरी आमच्याकडे फक्त मालकांच्या मेहुण्याला आहे.

हे सगळे नीतीला धरून व्हावे म्हणून प्राणी-सौजन्य समिती नेमलेली आहे. मी तिचा सचिव. जाहिरात खात्याचे साहेब अध्यक्ष, शिवाय एक डॉक्टर आणि एक वकील. समितीचे मन फार हळवे आहे. सशांच्या खोलीला पडदे लावावेत, हा ठराव आमचाच. (ते बाहेरच्या बाजूने लावले.)

पिंजऱ्यांची साफसफाई आणि सशांचे खाणेपिणे मावशींकडे असते. सशांना क्रमांक असतात, नाव ठेवायला सक्त मनाई आहे. तरी मावशींनी एकाला जावईबापू म्हणायला सुरुवात केली, कारण पुढे केलेले गाजर तो पहिल्या खेपेला कधीच घेत नसे. तोंड फिरवून बसायचा, मग आग्रह करावा लागायचा. त्याच्या डोळ्यात आजवर नुसते पाणी पडले होते. (शाम्पूची तुलना कशाशी तरी करावी लागते.) त्यामुळे अख्ख्या खोलीत दोन्ही डोळे शाबूत असलेला तो एकटाच होता.

यंदा साहेबांनी बाटलीवर सशाचा फोटो छापायचे ठरवले. खाली ओळ, 'माझ्याही डोळ्यांना झोंबत नाही!' लोकांना हल्ली प्राण्यांचा कळवळा फार. फोटोग्राफरने खोलीत एक चक्कर मारली आणि साहजिकच जावईबापूंना उचलले. फोटो इतका गोड आला, की डॉक्टरांनी लेकीला दाखवायला एक प्रत घरी नेली.

अडचण काढली ती वकिलांनी. "हा ससा म्हणतोय, मला झोंबत नाही. पण ह्याच्या डोळ्यात शाम्पू कधी गेलाच नाहीये. ही तर ग्राहकाची चक्क फसवणूक झाली!"

समिती हादरली. फसवणूक आम्हाला अजिबात खपत नाही. तेव्हा निव्वळ प्रामाणिकपणाखातर जावईबापूंच्या डाव्या डोळ्यात शाम्पू घालावा, असे ठरले.

मावशी बादली घेऊन दारातच उभ्या होत्या.

"साहेब, ती ओळच बदला ना."

"लेबलं छापून झाली, मावशी."

"अहो, पण शाम्पू तर जुनाच आहे. कितीदा तपासून झालाय."

"वास नवा आहे," डॉक्टर म्हणाले. "ग्राहकांची मागणी होती."

"मग तुमच्या डोळ्यात घालून बघा की!"

सूचनेवर गांभीर्याने विचार झाला. सदस्यांचे डोळे सह्या करायला लागतात, सबब ती नामंजूर झाली.

तेव्हा मावशींनी बादली खाली ठेवली, टेबलावरची बाटली उघडली, बोट बुडवले आणि सरळ स्वतःच्या डोळ्यात घातले. "आई गं!" म्हणून त्या नळाकडे धावल्या. पाण्याचे हबके मारून परत आल्या तेव्हा डोळा लालबुंद झाला होता.

"झोंबतोय," त्या म्हणाल्या. "झालं ना तपासून? आता त्याला सोडा."

प्रयोग धाडसी होता, पण ग्राह्य धरता आला नाही. एक तर त्यांनी डोळा धुतला, ज्याची सशांना परवानगी नाही. दुसरे म्हणजे त्या 'आई गं' म्हणाल्या. ससे असे काही म्हणत नसल्यामुळे आमचे निष्कर्ष नेहमी शांत असतात.

जावईबापूंना पेटीत मावशींनीच बसवले, कारण दुसऱ्या कोणाच्या हातात तो राहत नसे. मला खरोखर वाईट वाटले. (तशी नोंद इतिवृत्तात आहे.) काही दिवसांत डोळ्यावर पांढरट पडदा आला आणि डोळा गेला. जावईबापू त्याबद्दल काही बोलला नाही, त्यामुळे बाटलीवरची ओळ खोटी ठरली नाही.

आता तुम्ही म्हणाल, काय ही दगडाच्या काळजाची माणसं! खुशाल म्हणा. पण जुन्या वासात काय वाईट होते, हे आम्हालाही कळले नव्हते. मोठ्या दुकानाच्या दाराशी एका मुलीने तुमच्या हातात कागदाच्या दोन पट्ट्या दिल्या होत्या, आठवते? दुसरी हुंगून तुम्ही म्हणालात, "ही जरा बरी वाटते," आणि सरकत्या जिन्याकडे निघून गेलात.

जावईबापूंचा डावा डोळा त्या 'जरा'साठी गेला. बाटली आता बाजारात आली आहे. वास आवडला का, तेवढे कळवा.