जाळीवरचे महाराज

एका जंगलात, मुलांनो, प्राणी पुष्कळ होते आणि गाडी एकच होती. आजाऱ्यांना घाटापलीकडच्या दवाखान्यात नेणारी गाडी. तिथे बगळा डॉक्टर बसायचा. आता जंगलात गाडी कुठून आली, असं विचारू नका. वाघाला निवडून कोण देतं, असं तरी कुठे विचारता तुम्ही?

गाडी चालवायचा रंगराव गवा. रोज सकाळी पाणी-तेल बघायचा, काच पुसायचा आणि शिंगं आवरून आत बसायचा. दोन वर्षं गाडीनं कुरकुर केली नाही.

मग वाघमहाराजांचा वाढदिवस आला.

त्या जंगलात कुणी तोंडानं शुभेच्छा देत नसे. फ्लेक्स लावत. मधोमध महाराज, काळा चष्मा घालून. खाली ओळीनं शुभेच्छुकांचे छोटे छोटे फोटो. सगळी झाडं भरली तेव्हा कार्यकर्त्यांचं लक्ष गाडीकडे गेलं. तिच्या तोंडाशी, रेडिएटरच्या जाळीसमोर, छान चौकोनी जागा रिकामी होती. तिथे त्यांनी फ्लेक्स ताणून बांधला.

लावलेला फ्लेक्स उतरवायचा नाही, असा तिथला रिवाज. उतरवला तर खालचे चाळीस शुभेच्छुक रुसणार. म्हणून महाराजांच्या फेरनिवडीचा फ्लेक्स वाढदिवसाच्या फ्लेक्सवर चढला, आणि सत्काराचा त्याच्यावर.

आणि गाडी तापू लागली. काटा लाल रेषेवर जायचा, रंगराव घाबरून गाडी थांबवायचा.

गाडीखात्याचे साहेब होते तरस. त्यांनी कूलंट बदलायला लावलं. पंखा बदलला. पंख्याचा पट्टा बदलला. थर्मोस्टॅट बदलला. एकदा तर उकळत्या रेडिएटरचं झाकण साहेबांनी स्वतः उघडून पाहिलं आणि महिनाभर नाकाला पट्टी बांधून ऑफिसात बसले. पट्टीआडूनच त्यांनी हुकूम काढला की काट्याची वायर काढून टाका. वायर काढली. काटा आडवा झाला. गाडीची तक्रार मिटली, अशी वहीत नोंद झाली.

तरी वाफ यायचीच. तेव्हा कुठे साळिंदर मिस्त्रीला बोलावणं गेलं. जाणत्याला सगळ्यात शेवटी बोलवायचं, ही तिथली पद्धत. तुमच्या घरीही असेल. मिस्त्रीनं पान्यालासुद्धा हात लावला नाही.

"रंगराव, उभी असताना तापते का पळताना?"

"उभी असली की बरी असते. घाटात पळवली की तापते."

"पळताना वारा लागून निवायला पाहिजे ती. म्हणजे वारा आतच जात नाही. जाळीवरचं हे तेवढं सोडा."

"हे?" साहेब म्हणाले. "महाराजांना तुम्ही 'हे' म्हणता?"

मिस्त्रीला घरी पाठवलं. निदानही त्याच्याबरोबरच परत गेलं.

मग एके दिवशी हौसा चितळिणीच्या पाडसाला घोणस चावली. पाय टम्म सुजला, डोळे मिटायला लागले. हौसानं पोर गाडीत घातलं. रंगरावनं गाडी पिटाळली. अर्ध्या घाटात बॉनेटमधून भसाभस वाफ आली. काटा बिचारा निवांत पडलेला.

"काय झालं हो दादा?" हौसानं विचारलं.

"तापली, ताई. पाणी घालीन, पण पुढच्या वळणावर परत तापेल. मिस्त्री म्हणत होता, पुढचे फ्लेक्स काढा."

"मग काढा ना."

"त्यावर महाराज आहेत, ताई. खाली आमच्या साहेबांचा फोटो आहे. माझी नोकरी जाईल."

हौसानं पाडसाकडे पाहिलं. मग ती खाली उतरली आणि दातांनी दोऱ्या कुरतडायला लागली. तीन फ्लेक्स, बारा गाठी. ओठ रक्तानं भरले तिचे. मला या बाईचा फार अभिमान वाटतो, मुलांनो. पुढचं ठाऊक असूनही वाटतो.

इंजिन निवू दिलं. ओढ्याचं पाणी आणून भरलं. जाळीतून वारा आत शिरला आणि गाडी घाट चढून गेली. बगळा डॉक्टरनं सुई टोचली. "आणखी अर्धा तास गेला असता तर माझ्या हातात काही नव्हतं," तो म्हणाला. पाडस वाचलं.

जंगलात चौकशी बसली. साहेबांनी वही उघडली. काटा बंद केल्यापासून गाडी तापल्याची एकही नोंद नव्हती. फ्लेक्स निघाले, नेमकी त्याच दिवशी ती उकळली होती. तेव्हा दोष कशाचा, हे उघडच होतं. शिक्षा कोणाला करायची, एवढंच ठरायचं राहिलं होतं.

पण महाराज मोठ्या मनाचे. "पोर वाचलं ना? मग शिक्षा कसली? अभिनंदन करा."

"कोणाचं, महाराज?"

"माझं."

जाळीवर नवा फ्लेक्स आला. जुन्या तिन्हींपेक्षा जाड. 'पाडसास जीवदान दिल्याबद्दल महाराजांचे हार्दिक अभिनंदन.' खाली शुभेच्छुकांच्या ओळीत पहिलाच फोटो हौसाचा. ती चार मैत्रिणींना घेऊन बघायला गेली.

"डोळे जरा मिटलेत माझे," ती म्हणाली, "पण ओळखू येते, नाही?"

पंधरा दिवसांनी गोदा भेकरीण तापानं फणफणलेलं पिल्लू घेऊन आली. दवाखाना माहितीचा, म्हणून हौसा सोबतीला निघाली. अर्ध्या घाटात गाडीनं वाफ सोडली. गोदाला हौसाची गोष्ट पाठ होती. सगळ्या जंगलाला पाठ होती. ती उतरली आणि तिनं दोरीला दात लावले.

हौसा आडवी आली. "अगं, दमानं. त्यावर माझा फोटो आहे."

"माझं पिल्लू बघ ना गं."

"बघते ना. पण साहेबांना विचारून काढू. रीतसर."

रंगराव विचारायला पायी खाली गेला. साहेब सत्काराला गेले होते. तो परत येईपर्यंत इंजिन गार झालं होतं. पिल्लूही गार पडलं होतं.

तात्पर्य : गाडी तापली तर काय बिघडलं ते शोधत बसू नये. जाळीवरच्या फ्लेक्सवर आपला फोटो आहे का, तेवढं आधी बघावं. नसेल तर दोरी तोडावी. असेल तर गाडीत काही बिघाड नाही.